माकडं तुझ्याच माहेरची

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवत होते. एकदा उत्क्रांतीच्या धड्याची तयारी करताना मोठ्यानं वाचत बसले. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच, एवढं कानावर पडलं आणि सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तुज्या माहेरची असतील माकडं. आमच्यात न्हाईत."

त्यांचं माहेर करकंबचं. लहानपण पेरूच्या बागेत गोफण घेऊन वानरं हाकलण्यात गेलेलं. ज्यांना दगड मारले त्यांनाच आता नात्यात घ्यायचं? मी घसा कोरडा करून सांगायची, "अहो आई, माकडापासून माणूस नाही झाला, दोघांचा पूर्वज एक होता."

"म्हंजे चुलतभाऊ? त्ये तर आनिक वाईट!" माहेरच्या चुलतभावाशी त्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं.

मग एका कीर्तनात त्यांनी मासा, कासव, वराह असा अवतारांचा क्रम ऐकला आणि विरोधाचा सूरच पालटला. "आमच्यात आधीच हुतं की समदं. तुमच्या त्या गोऱ्यानं चोरलंय." कालपर्यंत खोटं होतं, ते आज चोरीला गेलं! मी कपाळावर हात मारला.

"आणि माकडाचं काय?"

"त्ये त्यानं मधीच घुसडलंय."

पुढं माझं बाळ दोन महिने आधीच जन्माला आलं. एवढंसं, अंगभर काळी लव. सिस्टर म्हणाल्या, याला काचेच्या पेटीतून काढून रोज कुणीतरी उघड्या छातीशी धरायला हवं, त्या उबेनं श्वास नीट चालतो. माझे टाके चिघळलेले, अंगात ताप. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, त्याला धुळीचा खोकला. जिच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता, ती माझी सासू दवाखान्याचा समोरून उघडा गाऊन घालून बाळाला छातीशी धरून बसली.

ताप उतरल्यावर मला आत सोडलं. बाळानं सासूबाईंचं बोट मुठीत पकडलं होतं.

"किती घट्ट धरलंय बघ की. कुनी शिकवलं गं याला?"

मी घाबरलेली होते, दमलेली होते, पण खवचटपणा कुठं जातोय! म्हटलं, "कुणी नाही. केसाळ आईच्या अंगाला लटकायची जुनी सवय आहे ती. माकडांची."

आता माझं माहेर निघणार, म्हणून मी तयारीत होते. तेवढ्यात मशीन ओरडायला लागलं. बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. सिस्टर धावत आल्या, त्याचे तळवे चोळू लागल्या. देवा, हे जाणार, एवढंच डोक्यात. सासूबाई मात्र त्या मुठीकडं बघून ओरडल्या,

"धर रं माकडा! सोडू नगंस! तुजं खापरपंजं झाडाला लोंबकळत हुतं, तुला काय झालंय? धर!"

मूठ आवळली. छाती हलली. मी हुंदके देऊन रडले. सिस्टरना रडावं की हसावं कळेना.

बारशाला करकंबचा तो न बोलणारा चुलतभाऊसुद्धा आला. सासूबाईंनीच बोलावलं होतं. पाळण्यात डोकावून तो म्हणाला, "पोरगं अगदी आज्यावर गेलंय."

सासूबाईंनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"आज्याच्या लई मागं गेलंय त्ये," त्या म्हणाल्या. "म्हनून तर वाचलं."