वरशाची भट्टी आणि आमची तनू

फुटलेली भांडी फेकता तरी येतात, किस्से मात्र साचत जातात. आमच्या गावच्या, म्हणजे वरशाच्या भट्टीवर तर दोन्हींचा ढीग!

मी भट्टीच्या मालकीण मीनाताईंकडे माती मळायला जाते. शिकले सातवीपर्यंत, पण मातीला मार्कशीट लागत नाही. माझ्या लेकीला, तनूला सोबत नेते. दीड वर्षाची झाली तरी ती चालत नव्हती. रांगायची मात्र एक्स्प्रेस! रोह्याचे डॉक्टर म्हणाले, "चालेल, थांबा." मी कसली थांबतेय! रोज भिंतीला उभी करायची, ती मटकन खाली बसायची.

*

एकदा पुण्याच्या बाईंनी ताटावरची पानाची नक्षी बघून विचारलं, "हे डिझाइन कुठून घेतलं?"

भट्टी लावणारे सदूकाका म्हणाले, "कुंपणावरून!"

खरंच तर! कुंपणावरचं पान ओल्या मातीवर दाबायचं, झालं. बाई दोन ताटं घेऊन गेल्या, आणि चार पानंसुद्धा!

*

लाकडं विझली की दोन दिवस भट्टी उघडायची नसते. मला कुठला धीर! पहिल्याच वेळी तोंडाची वीट काढून डोकावले. गार हवा आत शिरली आणि टिण्, टिण्! सगळे कप तडकले.

"भाताचं झाकण हाय काय गो ते?" काका ओरडले. मग माझं तोंड बघून हळू झाले. "पोरीलापण अशीच घडोघडी बघतेस. तिचा वेळ तिला घेऊ दे की."

*

सुकायला मांडलेल्या ताटांवरून तनू एकदा रांगत गेली. प्रत्येक ताटावर पंजे आणि गुडघे! सगळी माती परत मळली. मीनाताई म्हणाल्या, "पानांची नक्षी आपली, गुडघ्यांची तिची!"

*

मागच्या आठवड्यात पाच ओली ताटं जमिनीवर एका रांगेत होती. जळणाचा टेम्पो आला. तनूला ताटांच्या अलीकडे पोत्यावर बसवून आम्ही दारातच मोळ्या उतरवून घेत होतो. वळून बघते तर पोत्यावर कोणी नाही! तनू रांगेच्या पलीकडे बसलेली, तळपाय चिखलाने माखलेले. आणि ताटांवर पुन्हा ठसे!

"काका, रागावू नका, आत्ता मळते परत!" मी ताट उचलायला धावले.

"थांब!" काका खाली बसले. एकेक ताट बघत शेवटापर्यंत सरकले. मग डोळे पुसत म्हणाले, "हात लावू नको. ही भाजायची."

"अहो, पण खराब झालीत ना?"

"नीट बघ. पाच ताटं, पाच पावलं. हाताचा ठसा एकपण नाय गो!"