दोन कान आणि तीन हेडफोन

आमच्या घरी खाली आठ पावरलूम आहेत आणि वर आम्ही राहतो. सकाळी लूम सुरू झाले की पायाखालची फरशी बारीक थरथरायला लागते ती दिवसभर थरथरतच राहते. बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत घरोघरी हेच, त्यामुळे त्याला कुणी गोंगाट म्हणत नाही. वीज जाऊन लूम थांबले, तरच माणसं दचकून दारात येतात.

माझं माहेर असं नव्हतं. वडील कागद कारखान्यात कामाला, आम्ही कॉलनीत राहायचो, आणि भोंगा सोडला तर तिथे चिमण्यांचाच आवाज. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, या घरातली माणसं माझ्याशी बोलतच नाहीत. नुसते ओठ हलवतात. मग कळलं, लूमवाल्यांच्या घरात असंच बोलतात. ओठ बघायचे, हाताची खूण बघायची, आणि उत्तर द्यायचं. मीही शिकले. इतकी शिकले की माहेरी गेल्यावर आई म्हणायची, "अगं, हळू बोल, मी बहिरी नाहीये."

मागच्या वर्षी मोबाइलवर एक जाहिरात दिसली. पुण्यात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक कंपनी होती. त्यांना रेकॉर्डिंग ऐकून चुका शोधणारी माणसं हवी होती. पुस्तक समोर धरायचं, कानाने ऐकायचं, आणि कुठे शब्द गिळला, कुठे ओळ दोनदा वाचली, कुठे पान उलटल्याचा आवाज आला, ते वेळेसकट लिहून पाठवायचं. काम घरबसल्या. लहानपणापासून हाती लागेल ते छापील मी वाचत आले, अगदी पुडीचा कागदसुद्धा. वीस वर्षं मी या घरातले डबे, पाहुणे आणि औषधं सांभाळली होती. माझं म्हणून काही नव्हतं. हे काम मला हवं होतं. अगदी हट्टाने हवं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "लूमवाल्याच्या बायकोले ऐकायचं काम? अवं, तू फोनवर बोलते तं पलीकडचा माणूस फोन दूर धरते!"

त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला जे झोंबलं ते झोंबलंच. त्याच दुपारी मी अर्ज भरला.

पहिली चाचणी आली. सकाळी अकराला फाइल येणार, चारच्या आत परत पाठवायची. म्हणजे लूम बंद झाल्यावर बसू म्हणायची सोय नाही, आणि शेजारी जाऊन बसावं तर तिथेही लूमच. मी बसस्टँडच्या रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि विचारलं, "हेडफोनमध्ये सगळ्यात मोठा आवाज कशाचा आहे?" आता हसू येतं, पण आमच्याकडे वस्तू अशाच घेतात. रेडिओ घेतला तो मोठ्या आवाजाचा, दारावरची घंटासुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशी. दुकानदार खूश झाला. "भाभी, इससे जोरदार पीस पूरे मार्केट में नहीं मिलेगा."

पीस जोरदार होताच. लूमच्या आवाजावर वाचणाऱ्याचा आवाज चढवला, आणि दोघांची माझ्या डोक्यात मारामारी जुंपली. तासाभरात कान गुणगुणायला लागले. चौदा चुका पेरलेल्या होत्या, मला सापडल्या पाच. कंपनीतल्या बाईंचा निरोप आला: भाषा चांगली आहे, पण बारीक आवाज सुटतात, तीन आठवड्यांनी एक संधी आणखी देऊ, ती शेवटची. तो निरोप मी नवऱ्याला दाखवला नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, आणि बाहेर येऊन पोळ्या लाटल्या.

त्याच आठवड्यात मुलीला भेटायला इंदूरला गेले. ती तिथे शिकते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मम्मी, तू आवाज वाढवत काय बसली? बाहेरचा आवाज कमी करायचा असतो ना यार!" तिने स्वतःचा मोठा, कान झाकणारा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. त्यात म्हणे यंत्रच बाहेरचा आवाज ओळखून खोडून टाकतं. "परतीच्या बसमध्ये लाव, फिर बोल."

बसमध्ये बटण दाबलं आणि मी चक्क मागे वळून पाहिलं. बस बंद पडली की काय! इंजिनाची घरघर गायब, खिडकीतून येणारा वारा गायब. शेजारची बाई तोंडभर बोलत होती आणि ती जणू शेतापलीकडून बोलत होती. घाट येईपर्यंत मी डोळे मिटून एक अख्खी कथा ऐकली, एक शब्द सुटला नाही. मनातल्या मनात मी चाचणी पास झाले होते.

घरी आले, हेडफोन चढवला, आणि हात टेकले. लूमची घुमघुम गेली होती, पण सुताची कांडी घेऊन धोटा इकडून तिकडे आपटतो त्याचा खटका पहिल्यापेक्षाही स्पष्ट वाजत होता. घुमघुमीने त्याला निदान झाकलं तरी होतं. आता नुसते खटके, एकामागून एक. मी हेडफोन पलंगावर फेकला. मग उचलून पुसला, कारण मुलीचा होता.

पण त्या रागात एक गोष्ट लक्षात आली. बसचा आवाज वाहता असतो, एकसारखा. लूमचा आवाज मारता असतो. वाहता आवाज यंत्राला ओळखता येतो. खटका ओळखेपर्यंत पुढचा खटका पडलेला असतो. बसचा हेडफोन बसमध्येच चांगला. मला आवाज कानाच्या दाराशीच अडवणारा हेडफोन हवा होता. आणि तो मोबाइलच्या शांत दुकानात बसून निवडता येणार नव्हता.

या वेळी मी त्याच दुकानात तयारीने गेले. मोबाइलमध्ये हळू आवाजात एक पान वाचून ठेवलं होतं. मध्येच पान उलटलं होतं, आणि एकदा मुद्दाम आवंढा गिळला होता. लूमशेजारी उभं राहून ज्यात तो आवंढा ऐकू येईल, तो पीस माझा.

दुकानदाराला म्हटलं, "मागच्या गल्लीत लूम आहेत, तिथे जाऊन बघते."

"भाभी, ऐसे बाहर ले जाने नहीं देते."

"मग तुम्हीच चला. गल्ल्यावर भावाला बसवा."

मी हललेच नाही. शेवटी एका पिशवीत सहा डब्या घेऊन तो निघाला. मागच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या विणकराने ओठांनी विचारलं, काय चाललंय? मी ओठांनीच सांगितलं, कानांचं माप घेतेय. त्याने मान हलवून जागा करून दिली. दुकानदार दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहिला. प्रत्येक पीस मी रुमालाने पुसायची, लावायची, ऐकायची, डबीत ठेवायची. पहिल्यात पान ऐकू आलं नाही. दुसऱ्यात आलं, आवंढा नाही. तिसऱ्याचं रबर कानात टिकेना. चौथ्यातून लूम जसाच्या तसा आत येत होता.

पाचवी डबी धुळकट होती. साधी वायर, ना बॅटरी, ना दिवा, टोकाला स्पंजच्या गोळ्या. दुकानदार लाजला. कानातलं एक बोट काढून ओरडला, "भाभी, ये तो पुराना माल है, इसमें कुछ फीचर नहीं!"

स्पंज बोटांत वळावा लागतो, समईची वात वळतो तसा, आणि लगेच कानात सरकवावा लागतो. मग तो आत हळूहळू फुगतो. मी उजवा लावला, डावा लावला, आणि थांबले. उजवीकडचा लूम मागे मागे जाऊ लागला. धोटा डोळ्यांसमोर पळत होता आणि त्याचा खटका तिसऱ्या घरातून यावा तसा येत होता. डावीकडे मात्र फट राहिली. डबीत तीन मापांच्या गोळ्या होत्या. डाव्याला लहान लावली, आणि तीही फट बुजली. पंचेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की माझा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे. मोबाइलचा आवाज मी मुद्दाम कमी ठेवला. माझंच वाचन ऐकू आलं, मग पान उलटलं, आणि मग तो आवंढा. माझ्या स्वतःच्या घशातला, स्वच्छ. मी त्या कारखान्यात मोठ्याने हसले. कुणाला ऐकू गेलं नाही, पण म्हातारा विणकर मला बघून हसला.

सहावी डबी मी उघडलीच नाही.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी खाली आठही लूम चालू होते. नवरा सकाळी म्हणाला, "पाहिजे तं दोन-चार तास बंद ठेवू का?" त्याच्या तोंडून हे येणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि मला बरं वाटलं. पण मी नको म्हटलं. उद्या काम रोज आलं तर रोज का लूम बंद ठेवणार? गोळ्या वळल्या, कानात सरकवल्या, पुस्तक उघडलं, आणि साडेतीनला यादी पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. कंपनीतल्या त्याच बाई. सवय राहावी म्हणून मी कानात तीच वायर लावून एक कथा ऐकत होते, तशीच बोलले.

"आम्ही चौदा चुका टाकल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही पंधरा पाठवल्यात."

मी माझी यादी पुढे ओढली.

"पंधरावी आम्ही पुन्हा ऐकून पाहिली. वाचणाऱ्याची खुर्ची करकरलीय. आमच्याकडे तिघांनी ऐकलं होतं, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुमच्याकडे साउंडप्रूफ खोली आहे का हो?"

सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी जिना उतरले आणि लूमच्या मधोमध जाऊन उभी राहिले. नवऱ्याने ओठांनी विचारलं, कोण? मी हातानेच त्याला थांबवलं.

"अहो, हा कसला आवाज!" बाई पलीकडून ओरडल्या. "काहीच ऐकू येत नाहीये! हॅलो? ऐकताय का तुम्ही?"

मग त्यांना वाटलं असावं की माझ्यापर्यंत काही पोहोचतच नाहीये. शेजारच्या कुणाला तरी त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कारखान्यात बसून ऐकते गं ही! हिलाच घे. हातची जाऊ देऊ नकोस."

"नाही जात, बाई," मी म्हणाले. "फाइल पाठवा."