अडतीस तळवे

टाकीच्या चढावर अर्ध्यात पट्टीताई थांबली. तिनं मोबाइल वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला.

"रेंजची एक काडी आलीये, वहिनी."

"एका काडीवर काय व्हायचंय? चला वन्सं, वरच चला." वहिनीला धाप लागली होती. "नणंदेमागं डोंगर चढावे लागतात, हे लग्न ठरवताना कुणी बोललं नव्हतं बाई!"

एरवी पट्टीताईनं शेरास सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज ती नुसती चालू लागली.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस यायचे, आणि फार भाजलेलं माणूस त्यांच्याही हातचं नव्हतं. म्हणून फोटो काढायचे, रेंज मिळते त्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं आणि मोठ्या शहरातल्या जळीत विभागाच्या डॉक्टरांना पाठवायचे. तीन वर्षं हे काम पट्टीताईकडं होतं.

एकोणीस वर्षांची असताना ती इथं फरशी पुसायला लागली. जुन्या कंपाउंडरनं तिचा हलका हात पाहिला आणि फडकं काढून घेऊन कात्री दिली. चिकटलेली पट्टी ती कधी ओढायची नाही. मिठाच्या पाण्यानं भिजवत अर्धा अर्धा तास बसायची, आणि तोवर तोंडाचा पट्टा चालू. "हळू ओरडा हो, बायकोला कळलं तर घरी धाक राहील का तुमचा?" म्हणाली की आडदांड ट्रक ड्रायव्हरसुद्धा रडता रडता हसायचा. तिचं खरं नाव आता हजेरीपटावरच उरलं होतं. आणि तिचा एक नेम होता. टेबलावर बाई आली की आधी पांघरूण, मग बाकी सगळं.

पाच दिवसांपूर्वी शिवणकाम करणारी एक मुलगी आली. स्टोव्ह भडकून नायलॉनचा गाऊन अंगाला चिकटला होता. हातांचे, मानेचे फोटो झाले, तशी तिनं पट्टीताईचं मनगट धरलं.

"ताई, खालचे नको. तिकडं पुरुष बघतील. मेले तरी चालेल मला."

"मरतेस कशाला गं? नाही काढत, जा." पट्टीताईनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

रोग्याचा एक तळवा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा शंभरावा भाग. किती तळवे भाजलंय ते कळवलं की सलाईन किती द्यायचं, रोग्याला हलवायचं की नाही, ते डॉक्टर सांगत. टाकीपाशी उभं राहून तिनं लिहिलं, बारा तळवे. 'बाकी अंग ठीक ना?' तिकडून विचारणा आली. तिचा अंगठा जरा घुटमळला. खरं लिहावं तर फोटो मागतील. पोट, पाठ, मांड्या आपण बघू की, हात तर आपलेच आहेत, असं मनाशी म्हणून तिनं लिहिलं, 'ठीक.'

सलाईन बारा तळव्यांचं गेलं. तळवे अडतीस होते.

अंगातलं पाणी कमी पडत गेलं आणि काल मुलीची लघवी बंद झाली. आज सकाळी ती आईलाही ओळखेना. तेव्हा पट्टीताईनं पांघरूण काढलं आणि सगळे फोटो घेतले. विचारायला मुलगी शुद्धीवर नव्हती.

टाकीच्या सावलीत फोटो एकेक करून गेले. वहिनी मुद्दाम दुसरीकडं बघत राहिली. मग शहरातल्या डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, हे पहिल्या दिवशी का नाही दाखवलंत?"

पट्टीताईनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"तेव्हाच इकडं पाठवली असती तर काही करता आलं असतं. आता हलवू नका. सहा तासांचा रस्ता, वाटेतच जाईल. दुखू नये एवढं बघा, आणि घरच्यांना सांगा."

"सलाईन वाढवून बघू का?"

"आता उपयोग नाही, ताई."

"बरं," ती म्हणाली.

दोघी उतार उतरू लागल्या. चपलांखाली खडी वाजत होती.

"तुम्ही तिला दिलेल्या शब्दाला जागलात, वन्सं," वहिनी म्हणाली.

"जागले ना. तेच तर झालं." पट्टीताईनं पदरानं मोबाइलची काच पुसली, पुन्हा पुसली. "देवाला पांघरुणाआडचंही दिसतं. मला वाटलं, त्याला दिसतंय ना, मग झालं. पण सलाईन किती द्यायचं, ते देव थोडाच सांगणार होता?"

दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसू लागलं. पायरीवर मुलीची आई बसली होती, वाटेकडं तोंड करून.

"मी सांगू तिला?"

"नको. ते मीच सांगायला हवं." ती थांबली. "वहिनी, शाळेत तुम्ही हात न उचलता फळ्यावर नकाशा काढता ना?"

"काढते. त्याचं काय?"

"मला एक बाई काढून द्या. कागदावर, पुढून एक आणि मागून एक. नुसती कड. कुणी मनगट धरलं तर जिथं जिथं भाजलंय तिथं मी पेन्सिल फिरवीन, आणि त्या कागदाचा फोटो पाठवीन."

"उद्या देते."

"आजच द्या. आणि चेहरा काढू नका हं. काढलात, तर मला तिचाच दिसेल."