मिनेल्बाचे केस कुणी पाहिले होते?

समुद्रकाठच्या आमच्या पालेंके गावात शनिवारी दुपारी डोक्याला रोलर लावलेली बाई दुकानात अंडी घ्यायला आली, की तिला काही विचारावं लागत नाही. संध्याकाळी तिला कुठेतरी मिरवायचंय, आणि कुठे ते बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याआधी आम्हाला कळलेलं असतं. आम्ही म्हणजे मी आणि दुकानापुढच्या टेबलावर डोमिनोच्या सोंगट्या आपटत बसणारे आणखी तीन बिनकामाचे म्हातारे. डोकी कुणाचीही असोत, रोलर लावणारे हात एकाच बाईचे. मिनेल्बाचे.

मिनेल्बाचं पार्लर म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक बाक, आणि केस वाळवायची गरम हवेची दोन टोपडी, त्यातलं एक विमान उडाल्यासारखं ओरडतं. त्या टोपड्याखाली बसलेल्या बाईला वाटतं आपण हळू बोलतोय, आणि अख्ख्या गल्लीला तिच्या सुनेची भानगड कळते. माझ्या अर्ध्या बातम्यांचा उगम तिथलाच.

आमच्याकडे सरळ, मऊ पडणाऱ्या केसांना ‘चांगले केस’ म्हणतात, आणि आफ्रिकेहून आलेल्या पणज्या-खापरपणज्यांनी आम्हाला जे दिले त्यांना ‘वाईट’. बाळ जन्मलं की आत्या-मावश्या आधी त्याच्या मानेमागे बोट फिरवून बघतात; हातपाय नंतर मोजतात. केस आखडलेले निघाले की दोन्ही घराणी एकमेकांकडे बघायला लागतात. अशा गावात मिनेल्बाला मान पाद्र्यापेक्षा थोडा जास्तच. पाद्री पाप धुतो ते दिसत नाही, हिचं काम आरशात दिसतं.

पण तिचे स्वतःचे केस? तिच्या पंधराव्या वाढदिवसाला मावशीने ते पहिल्यांदा सरळ केले, त्यानंतर कुणी पाहिले नाहीत. एक तर रोलरवर जाळी, नाहीतर पिना लावून डोक्याभोवती गुंडाळलेले, नाहीतर खांद्यावर तुळतुळीत. तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, बावीस वर्षं शेजारी झोपला. मला वाटतं तोही न बघताच गेला.

यात गंमत अशी की मिनेल्बा कोळ्याची पोर. लहानपणी पाण्यात गेली की बाहेर काढायला बापाला होडी घालावी लागायची. आणि आता समुद्रापासून तीन गल्ल्यांवर राहून चाळीस वर्षांत तिने डोकं बुडवलं नव्हतं. हे दुःख तिने एकट्या एर्सिलियाला, शेजारणीला, सांगितलं होतं. म्हणजे गावात ते नवजात बाळांनाच काय ते माहीत नव्हतं.

“जा की एकदा. रात्रीतून परत सरळ करून टाक,” एर्सिलिया म्हणाली होती.

“आणि येताना कुणी बघितलं म्हणजे? जिला स्वतःचंच डोकं सांभाळता येत नाही, तिच्या हातात आपलं कोण देईल? मेल्यावर मला समुद्रात टाका. तेव्हा भिजीन.”

हे असंच चालू राहिलं असतं. पण यंदा ईस्टरच्या आठवड्यात तिची मुलगी नोराइमा न्यूयॉर्कहून आली, आणि सोबत सात वर्षांची नात, अनाईस. पोरीचे केस मोकळे, चहूबाजूंनी उभे, दारातून आत येताना केस आधी आणि पोरगी नंतर.

एर्सिलियाने पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं, “काय गं नोराइमा, न्यूयॉर्कात कंगवे संपले का?”

“कंगवे आहेत, मावशी. वेळ नाही तुमच्यासारखा.”

मिनेल्बाचे हात शिवशिवत होते, पण नोराइमाने बजावून ठेवलं होतं, “मम्मी, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही. माझं जे भाजलंस ते पुरे झालं.” तेव्हा मिनेल्बा नुसती नातीला मांडीवर घेऊन बसायची आणि बोटं आवरायची.

आणि पोरीने विचारायचं तेच विचारलं. भरल्या पार्लरमध्ये. “आजी, माझे केस कुणासारखे आहेत?”

एर्सिलिया टोपड्याखालून डोकं बाहेर काढून बसली.

“तुझ्या बाबाच्या आईसारखे,” मिनेल्बा म्हणाली.

“ती आजी म्हणते, तुझ्यासारखे.”

बायका हसल्या. मिनेल्बाही हसली, पण रोलर जरा जास्तच घट्ट बसला असावा, कारण खुर्चीतली बाई ‘आई गं’ म्हणाली.

त्यानंतरचा शुक्रवार गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्याकडे हातोडा मारत नाहीत, झाडू मारत नाहीत, आणि समुद्रात तर उतरतच नाहीत. उतरला त्याचा मासा होतो. राजधानीचे पाहुणे मोठ्या किनाऱ्यावर लोळत असतात, त्यांचं त्यांनी बघावं. आमच्या होड्या ओढतात त्या बाजूला चिटपाखरू नसतं. मिनेल्बाने विचार केला असणार, मासा तर मासा, बघायला तरी कुणी नाही.

मी ओट्यावर बसलो होतो. दुपारच्या उन्हात ती नातीचा हात धरून निघाली, डोक्याला रोलर, काखेत टॉवेल.

“कुठे स्वारी?”

“चर्चला.”

“टॉवेल घेऊन?”

“पाद्री फार रडवतो हो.”

चर्च उघडायला दोन तास होते. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात अशा वेळा फार आल्या नाहीत.

तासाभराने एर्सिलिया आली, हातात नारळाचं दूध घातलेल्या राजम्याच्या गोड खिरीचा वाडगा. त्या दिवशी घरोघर ती वाटतात. अंगावर चर्चला जायचा जांभळा झगा, केस आदल्याच दिवशी मिनेल्बाने केलेले.

“मिनेल्बा कुठाय? नोराइमा म्हणते चर्चला. चर्चला तर कुलूप आहे.”

“टॉवेल घेऊन गेली खरी,” मी म्हणालो.

एर्सिलियाने वाडगा माझ्या मांडीवर ठेवला आणि पळत सुटली. मी दोन घास खाल्ले आणि मागोमाग गेलो. तमाशा चुकवायचा नसतो.

किनाऱ्यावर खडकावर पिशवी, पिशवीत झगा, आणि वर सगळे रोलर जाळीत नीट बांधलेले. एर्सिलियाने जाळी उचलून बघितली. “चपला सोडून गेली असती तर समजले असते,” ती मला म्हणाली, “रोलर सोडून ही बाई कुठे जाणार?” आणि जांभळ्या झग्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली, मिनेल्बाच्या नावाने हाका मारत. ही तीच एर्सिलिया, जी गुड फ्रायडेला भांडीसुद्धा जपून घासते. तेवढ्यात लाट आली ती थेट डोक्यावरून गेली.

डोळ्यांतलं खारं पाणी पुसत ती वळली, तर समोर पाण्यातून एक दांडगी बाई वर आलेली. डोक्यावर कुरळ्यांचं ओलं रान, त्यातून पाणी ठिबकतंय.

“बाई,” एर्सिलिया धापा टाकत म्हणाली, “इथे कोणी बुडताना पाहिलंत का?”

“कशी होती दिसायला?”

“माझ्याएवढी. केस सरळ, खांद्यापर्यंत, फार सुंदर. नाक जरा वर, स्वभाव हट्टी. आणि अलीकडे जाडी झाली होती बिचारी.”

“जाडी तू.”

एर्सिलियाने बघितलं. परत बघितलं. मग दोन्ही हातांनी ते ओलं रान धरलं, कोबीचा गड्डा तपासावा तसं दाबून पाहिलं, आणि रडायला लागली, मग शिव्या द्यायला लागली. होडीच्या सावलीतून अनाईस शिंपले टाकून धावत आली आणि आजीकडे वर बघत राहिली.

“आजी, तुझे माझ्यासारखे आहेत.”

“नाही गं बाई,” मिनेल्बा म्हणाली. “तुझे माझ्यासारखे आहेत.”

हे छान झालं, पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, ईस्टरच्या आदला. वर्षातला सगळ्यात गर्दीचा. मिनेल्बाने सकाळी दार उघडलं ते कपाळावर रुमालाची पट्टी आणि मागे सगळं मोकळं. बाकावर पाच बायका. कुणी खुर्चीकडे उठेना.

“तब्येत बरी आहे ना, मिनेल्बाबाई?” एकीने विचारलं.

“उत्तम.”

“नाही, वाटलं वीज गेली की काय तुमच्याकडे.”

दुसरी म्हणाली, तिला अचानक आठवलंय, घरी दूध उतू जाईल. मिनेल्बा खुर्चीमागे उभी राहून कंगव्यातले नसलेले केस काढत होती. मी दारात होतो, मला दिसलं.

मग एर्सिलिया आली. केसांची पार दोरी झालेली, मीठ वाळून पांढरी. बायकांना ओलांडून सरळ खुर्चीत बसली.

“काल माझं हे झालं ते तुझ्यापायी. उद्या चर्चला मी अशी जाणार नाही. कर सरळ.”

“सरळच?”

“मग काय तुझ्यासारखं? मला झाड व्हायची हौस नाही. आटप.”

मिनेल्बाने रोलर घेतले. हात तेच होते. तासाभराने एर्सिलियाने मान झटकली आणि केस असे पडले की जिचं दूध उतू जाणार होतं ती बाई बाकावर परत बसली.

आता सोमवारी सकाळी पार्लर बंद असतं. मिनेल्बा समुद्रावर जाते, दुपारी तशीच ओली येऊन दार उघडते. गल्लीतल्या दोन पोरींनी केस मोकळे सोडलेत, बाकीच्या रोलरवरच आहेत, आणि धंदा आहे तसा आहे. परवा एर्सिलिया खुर्चीत बसून कुरकुरत होती, “अगं, तुझ्या डोक्यातलं पाणी माझ्या मानेवर पडतंय. खारट आहे ते.”

“चाखलंस कशाला?” मिनेल्बा म्हणाली. “मान खाली घाल.”