ज्येष्ठा नक्षत्र आणि काकांची मांडी

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावरचे निम्मे केस पिकलेले असताना, मी माझ्या काकांच्या मांडीवर बसलो. समोर भटजी, बाजूला आई, आणि भोवती मोबाइल उगारून उभे असलेले नातेवाईक. काकांना मूलबाळ नाही, म्हणून मला त्यांना दत्तक दिलं जात होतं. एका ताऱ्यामुळे ही वेळ आली असं घरचे म्हणतात. ताऱ्याचा यात काडीचा दोष नाही. त्या दिवसाची आठवण आली की अजून शिसारी येते, आणि त्यातली बरीचशी माझी मलाच येते.

मी तळोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला की नववीच्या मुलांना संध्याकाळी सातला मैदानावर बोलावतो. सातपुड्याकडे पाठ करून उभं केलं की नैऋत्येला विंचू दिसतो आणि त्याच्या छातीत एक तांबडा ठिपका. ती ज्येष्ठा. महाराक्षसी तारा. सूर्याच्या जागी आणून ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल, एवढा. शिवाय रूपविकारी, म्हणजे कधी जरा उजळतो, कधी मंदावतो, आणि त्याचं पक्कं वेळापत्रक नाही. मग मी नावं सांगतो. अरबांनी त्याला विंचवाचं काळीज म्हटलं, ग्रीकांनी मंगळाचा प्रतिस्पर्धी. आमच्या अहिराणीत अख्ख्या आकृतीलाच इच्चू म्हणून मोकळे होतात. डोंगरातल्या एका मुलीने तिच्या आजीकडचं एक नाव सांगितलं होतं, ते लिहून घ्यायचं मी टाळलं आणि विसरलो. सगळ्यात शेवटी, मुलांना हसवायला, जुनं संस्कृत नाव काढायचो. ज्येष्ठघ्नी, थोरल्याला मारणारी. "घरात थोरलं कोण कोण आहे? सांभाळून राहा रे!" असं म्हटलं की हशा पिकायचा. माझं ते हुकमी वाक्य होतं.

बारा वर्षांपूर्वी त्या हसणाऱ्या मुलांत एक मुलगी होती. तिचे वडील तेव्हा तळोद्याला नोकरीला होते, मूळचे तापीकाठचे, आमच्या गावापासून दोन गावं सोडून. ती आता तळोद्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझा धाकटा भाऊ ठिबक सिंचनाचं दुकान चालवतो, ते त्या लॅबच्या समोर. दोघांचं जमलं. जात एक, गावं शेजारची, मुलगी कमावती. आईने तर सारंगखेड्याच्या यात्रेत तिच्यासाठी बांगड्यासुद्धा घेऊन ठेवल्या. साखरपुड्याची तारीख काढायला म्हणून भटजींना बोलावलं आणि तिथे माशी शिंकली.

मुलगी ज्येष्ठा नक्षत्राची निघाली. ज्येष्ठेवर जन्मलेली सून जेठाला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, खाते म्हणे. आमच्या घरात जेठ होणारा मी एकटाच.

आईचा चेहरा उतरला. "पोर चांगली शे, पन तुन्हा जीवना सवाल शे," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून घरात मला आजाऱ्यासारखं वागवायला लागले. मी शिंकलो तरी चार माना वळायच्या. भावाने जेवण सोडलं. मी मात्र ऐटीत होतो. ओसरीवर उभा राहून मी सगळ्यांना झाडून काढलं. त्या ताऱ्यावरून आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा आपले पूर्वज या गावात आले तरी होते का, असं विचारलं. तो तारा कुणाच्या जेठाला ओळखत नाही, म्हणालो. भटजींना तर तोंडावर अडाणी म्हणालो. भाऊ माझ्याकडे देवासारखा बघत होता, ते मला आवडलं.

भटजी शांतपणे सुपारी कातरत राहिले. मग त्यांनी तोड काढली. थोरल्याला काकांना दत्तक द्या, मग तो या घरचा उरत नाही, सुनेचा जेठही होत नाही. कायद्याने बेचाळीस वर्षांच्या बाप्याला दत्तक घेता येत नाही, असं मी म्हणालो. "नक्षत्राले कायदा लागत नही," भटजी म्हणाले. काका हरखून गेले. आईने माझे हात धरले. "तुन्हा काकाना मांडीवर पाच मिनिट बस बेटा. तुन्हं काय जास?"

मी हो म्हटलं. भावाचं लग्न व्हावं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरी गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्या आठवड्यात माझ्या छातीत दोनदा जळजळलं होतं. मिरचीच्या भाजीने होतं तसंच. तरी मी शहाद्याला जाऊन गुपचूप छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढून आणला, डॉक्टर "काही नाही" म्हणाले तरी दुसरीकडे जाऊन पुन्हा काढला. ज्यांना मी अडाणी म्हणालो होतो त्यांच्यापेक्षा मी घाबरट होतो, आणि वर विज्ञानाचा शिक्षक.

विधी झाला. काका हडकुळे, मी पंच्याऐंशी किलोचा. बसलो तशी त्यांच्या गुडघ्यांनी कटकट केली आणि ते "हाय बाप" करून कण्हले. भटजींनी तुपाने माखलेला पेढा माझ्या तोंडात कोंबला, जसा तान्ह्याला. काकू टाळ्या वाजवत होत्या. तुपाचा तो ओशट वास, काकांच्या धोतराचा घाम, आणि कुणीतरी "रडना का पोऱ्या?" म्हणून खिदळलं. मला ओकारी येत होती आणि मी हसत होतो. कॅमेऱ्यात हसरा चेहराच आलाय.

तो व्हिडिओ नात्यातल्या ग्रुपवरून फिरत फिरत त्या मुलीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. लॅबचा पांढरा कोटही काढला नव्हता. मी तिला प्रयोगशाळेत बसवलं.

"सर, तुम्ही आईंसाठी बसलात की तुम्हाला भीती वाटली?"

"आईच्या समाधानासाठी गं," मी म्हणालो. "म्हाताऱ्या माणसांचं मन मोडवत नाही. तू शिकलेली आहेस, तुला कळतं."

"मग एक कराल?" तिने आपला मोबाइल टेबलावर ठेवला. "माझ्यासमोर आईंना फोनवर सांगा, की मी दत्तक वगैरे काही गेलो नाही, मी या घरचाच थोरला आहे आणि मला या मुलीची भीती नाही. एवढं बोललात की झालं. नाहीतर उद्या तुम्हाला साधा ताप आला तरी सगळं घर माझ्याकडे बघेल. तसं मला जगायचं नाही."

साधी मागणी होती. दोन वाक्यांचं काम. ओसरीवर मी त्याहून मोठं भाषण केलं होतं. मी मोबाइल हातात घेतला आणि तेवढ्यात छातीत जळजळलं. सकाळी दोन वडे खाल्ले होते, तेही आठवलं. तरी मी मोबाइल खाली ठेवला.

"आज नको," मी म्हणालो. "आईची तब्येत जरा नरम आहे. लग्न होऊन जाऊ दे, मग मी सावकाश समजावतो."

"नववीत तुम्ही त्या नावावर आम्हाला हसवलं होतं," ती म्हणाली. "घरी जाऊन मी पत्रिका काढून बघितली होती. तेव्हापासून मला वाटायचं, निदान एक माणूस तरी आहे ज्याला हे सगळं खोटं वाटतं." मोबाइल उचलून ती गेली. घंटा झाली आणि मी सातवीच्या वर्गावर गेलो.

संध्याकाळी तिने भावाला नकार कळवला. कारण तिने त्याला सांगितलं नाही, मीही नाही. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि चार दिवस उघडलं नाही. मला म्हणाला, "दादा, तू माझ्यासाठी एवढं केलंस, तरी ती नाही म्हणाली." मी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आईने देवापुढे नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "बरं झायं. मन्हा पोऱ्या वाचना."

मी तो तुकडा खाल्ला. आणि मला, खरंच सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.