आत आहे मी

आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी घरातल्या टीव्हीला वैतागून लॅपटॉप घेऊन जिन्यात बसतात. पूर्वी सर्व्हरमध्ये काही बिघडलं की त्यांना मुलुंडहून अंधेरीच्या ऑफिसात धावावं लागायचं. मग त्यांनी लॅपटॉप आणि सर्व्हर व्हीपीएन या खासगी जाळ्यानं जोडले. "आपलीच मशिनं एकमेकांना ओळखतात. बाहेरच्याला दारच दिसत नाही," ते जांभई देत सांगतात. तेव्हापासून ऑफिस त्यांना सुट्टीच्या दिवशीही सोडत नाही. सर्व्हरला जोडले गेले, की साहेबांना फोनवर थकल्या आवाजात कळवतात, "आत आहे मी."

काल मी त्यांना ओलांडून वर चढत होतो, तेवढ्यात वहिनींनी दार उघडलं. "अहो, जेवायला आत येताय ना?"

मान वर न करता ते म्हणाले, "आत आहे ना मी!"

वहिनींनी ताट आणून पायरीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.