अर्धी चांदणी आणि मासा

इसिदोर आर्किटेक्टने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतः मात्र अथेन्समध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवस काढले. गावी, म्हणजे आमच्या पिर्गीत, त्याच्या वाट्याला भिंतीतला खिळासुद्धा आला नव्हता. त्यात कुणाचं कपट नव्हतं. खिओस बेटावरची आमची रीतच तशी आहे, घर लेकीला आणि शेत मुलाला. आईचं घर थोरल्या बहिणीला, मार्केल्लाला, लग्नात मिळालं. इसिदोरला डोंगरउतारावरची मस्तकीची झाडं मिळाली, ती त्याने मेव्हण्याच्या गळ्यात घातली. खोडाला चिरा द्यायच्या आणि डिंकाचा थेंब गळायची वाट बघत बसायचं, एवढा धीर त्याच्यात कधीच नव्हता.

धीर नव्हता, पण पायाला भिंगरी होती. हाती चार पैसे आले की गडी निघालाच. ग्रानादाचा अल्हाम्ब्रा, सिएनाचा उतरता चौक, इस्तंबूलची आयासोफिया, इस्फहानची जुमा मशीद, सगळं त्याने पायाखाली घातलं होतं. दर उन्हाळ्यात गावी आला की चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसायचा आणि आमच्या भिंतींचं मूळ सापडल्याची बातमी द्यायचा.

आता आमच्या भिंती म्हणजे काय, तर काळ्या वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि तो चुना ओला आहे तोवर जेवणाच्या काट्याने खरवडून काढलेली नक्षी. खरवडलं तिथे काळं, ठेवलं तिथे पांढरं. जोत्यापासून छपरापर्यंत पट्ट्यावर पट्टे. एका वर्षी इसिदोर म्हणाला, ही कला इटलीतल्या जेनोव्हाहून आली. पुढच्या वर्षी म्हणाला, छे छे, जेनोव्हावाल्यांना कुठली एवढी अक्कल, ही इस्तंबूलची. इस्फहान बघून आला तेव्हा तर त्याने टेबलावर सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून आठ टोकांची चांदणी काढून दाखवली आणि सगळ्यांच्या कॉफ्या थंड होईपर्यंत बोलत राहिला.

मार्केल्लाच्या समोरच राहणाऱ्या प्लुमीने सगळं ऐकून घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर टोमॅटोच्या माळा ओवता ओवता म्हणाली, "इसिदोर, तू अजून दोन वर्षं फिर. मग ही नक्षी आमच्याकडे कधी नव्हतीच, असंही सिद्ध होईल."

दुकान हसलं. तोही हसला, पण त्याला ते लागलं. कारण त्याच्या मनात एकच इच्छा होती आणि ती तो कुणाला सांगत नव्हता. आपल्या हातची एक भिंत या गावात असावी. विकत घेतलेल्या घराची नव्हे, तसं घर काय कुठलाही जर्मन येऊन घेतो. गावाने आपली म्हणावी अशी भिंत त्याला हवी होती.

निवृत्त झाल्यावर तो गावी आला आणि बेकरीच्या माडीवर खोली घेऊन राहू लागला. त्याच वर्षी मार्केल्लाच्या लेकीचं, अनेझाचं, लग्न ठरलं. रीतीप्रमाणे आता घर अनेझाचं होणार आणि मार्केल्ला नवऱ्यासकट खालच्या खोलीत जाणार होती. नव्या नवरीचं घर जुन्या भिंतीने कसं द्यायचं? दर्शनी भिंतीचा गिलावा काढून नवी नक्षी करायची ठरली, आणि मार्केल्ला भावाला म्हणाली, "एवढं जग बघितलंस, आता आमच्या भिंतीवर काय ते दाखव. पण फार शहाणपणा करू नकोस. लग्न ऑगस्टात, मरियेच्या सणानंतरच्या रविवारी आहे, आणि पाहुणे नक्षी बघायला नाही, जेवायला येणार आहेत."

इसिदोरला आभाळ ठेंगणं झालं. सगळा हिवाळा त्याने कागद रंगवले. खाली गावचे जुने त्रिकोण, वर चौकटी, आणि बाल्कनीखालच्या पट्ट्यात चांदण्यांची रांग, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, दोन्हीकडे शेवटची चांदणी बरोब्बर कोपऱ्याला टेकलेली. फीत घेऊन त्याने भिंत इतक्या वेळा मोजली की प्लुमी खिडकीतून विचारू लागली, वाढतेय का?

वाढत नव्हती, पण आटायची होती. त्याने मोजली होती ती जुन्या गिलाव्यासकट. आमच्याकडे प्रत्येक लग्नात गिलाव्यावर गिलावा चढतो, कोपरे पिढ्यान् पिढ्या जाड होत जातात. झानिस मिस्त्रीने वरचाच नव्हे, पार दगडापर्यंतचे सगळे थर खाली पाडले तेव्हा भिंत दोन्ही बाजूंनी आत गेली. त्या दिवशी इसिदोर चुना आणायला बंदरावर गेला होता. परत आला तोवर नवा गिलावा झालेला, आणि झानिसला वाटलं, एवढा मोठा आर्किटेक्ट, त्याने धरलंच असेल की हिशेबात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नक्षीचं काम सुरू झालं. खालचे पट्टे मजेत झाले. झानिस बोलघेवडा माणूस, काटा चालवता चालवता स्वतःच्या तीन जावयांच्या चुकाही काढत होता. चांदण्यांचा पट्टा आला तसा इसिदोर स्वतः परांचीवर चढला आणि कंपासने रेघा मारू लागला. एकेक चांदणी उमलत गेली. खाली गल्ली जमली. आणि उजव्या कोपऱ्याशी येऊन त्याचा हात थांबला. उरलेल्या जागेत शेवटची चांदणी बसेना. अर्धी बसत होती, आणि अर्धी बसवूनही बाजूला चिंचोळी फट उरत होती.

तो म्हणाला, सगळा पट्टा पुसू, पुन्हा आखू. झानिस म्हणाला, चुना ओढत चाललाय, आता पुसला तर निम्मी भिंत हातात येईल. इसिदोरने खिशातून पेन्सिल काढली आणि तळहातावर भागाकार करायला लागला. चुना वाळत होता, गल्ली सल्ले देत होती, कुणी म्हणालं तिथे कुंडी टांगा.

मार्केल्ला बाल्कनीतून ओरडली, "अरे, गणितं कसली करतोस? काढ काहीतरी!"

मग त्याने अर्धी चांदणी काढली आणि उरलेल्या फटीत घाईघाईने मस्तकीचं पान काढलं. काटा घसरला, देठ रुंद झाला. झानिसने ते पाहिलं, मासा समजला, आणि मदत म्हणून काट्याच्या टोकाने त्याला डोळा काढून दिला.

संध्याकाळी मार्केल्ला कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली आणि तिने विचारलं, ते काय आहे.

"मस्तकीचं पान," इसिदोर म्हणाला.

"बघतंय ते माझ्याकडे," मार्केल्ला म्हणाली.

लग्न थाटात झालं. लोक जेवले, अंजिराची दारू प्यायले, चौकात हात धरून नाचले. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. इसिदोर मनातून खचला. तोंडावर भिंतीचं कौतुक आमच्याकडे कुणी करत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. केलं तर दृष्ट लागते, आणि शेजारी शेफारतो ते वेगळंच. आवडलेली नक्षी आम्ही गुपचूप उचलतो, आपल्या भिंतीवर घेतो, आणि विचारलं तर कानावर हात ठेवतो. पण त्याची नक्षी कोण उचलणार होतं? त्या शरद ऋतूत गावात दोन भिंती नव्या झाल्या, दोन्हीवर तेच जुने त्रिकोण. तो कॉफीच्या दुकानात यायचा, पण इस्फहानचं नावही काढायचा नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. कितीही झालं तरी तो आमचा बडबड्या होता.

पुढच्या उन्हाळ्यात प्लुमीच्या नातीचं लग्न निघालं. प्लुमीने भिंतीपुढे बांबू उभारले आणि त्यावर गोणपाटं लटकवली, ऊन लागू नये म्हणून असं म्हणाली. झानिस आत काय करतोय ते कुणाला दिसेना. आणि झानिसने गप्प राहायचं म्हणजे प्लुमीने त्याला चांगलंच दमात घेतलेलं असणार.

गोणपाटं उतरली तेव्हा मार्केल्ला धावतच बेकरीच्या माडीवर गेली आणि भावाला दंड धरून खाली घेऊन आली. प्लुमीच्या बाल्कनीखाली चांदण्यांची रांग होती. तिची भिंत लांब, उजव्या कोपऱ्यात पूर्ण चांदणी आरामात मावली असती. तरी तिथे अर्धीच काढली होती, आणि तिच्या बाजूला मुद्दाम फट सोडून त्यात मासा. डोळ्यासकट.

मार्केल्ला लालबुंद झाली. तिने तोंड उघडलं, पण इसिदोरने तिचा हात दाबला आणि प्लुमीला हळूच विचारलं, हे कुठून घेतलंस.

"घेतेय कशाला?" प्लुमी पापणीही न हलवता म्हणाली. "जुनं आहे हे. माझ्या आजीच्या भिंतीवर होतं. आजोबा बोटीवर होते ना, त्यांचा मासा."

प्लुमीच्या आजोबांना बंदर लांबून बघितलं तरी उलटी व्हायची, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

इस्फहानच्या मशिदीत एका कोपऱ्यातली नक्षी बघून इसिदोरने रखवालदाराला विचारलं होतं, ही कुणी केली. रखवालदाराने खांदे उडवले होते, जुनी आहे. ग्रानादात तेच उत्तर, सिएनात तेच. प्रत्येक वेळी तो चिडला होता, या लोकांना आपल्या कारागिराचं नावही माहीत नाही म्हणून. आता तेच उत्तर त्याच्या नक्षीला मिळालं होतं. इतका आनंद त्याला त्याच्या एकाही इमारतीच्या उद्घाटनाला झाला नव्हता.

"जुनंच दिसतंय," तो म्हणाला.

मार्केल्लाने त्याच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, त्याचा दंड सोडून दिला.

प्लुमी मात्र भिंतीकडे मान वाकडी करून बघत होती. तिला काहीतरी खटकत होतं. शेवटी ती म्हणाली, "इसिदोर, तू एवढं हिंडलायस, खरं सांग. डोळा जरा मोठा झालाय का रे?"

इसिदोरने दोन पावलं मागे जाऊन नीट निरखलं.

"नाही," तो म्हणाला. "असाच असतो तो."